बँकेच्या लिलावाआधी घर घेताना

मराठी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टायपात 'ताबा सूचना' छापून येतात. वर 'परिशिष्ट ४, नियम ८(१)' असं लिहिलेलं असतं. खाली कर्जदाराचं नाव, फ्लॅटचा नंबर, चतुःसीमा आणि एक रक्कम. बहुतेक लोक ते पान उलटून पुढे जातात. मी गेली काही वर्षं ती पानं नीट वाचते, कारण निवृत्तीनंतर भाड्याचं थोडं उत्पन्न यावं म्हणून पुण्यात एक जुना पण धड फ्लॅट शोधत होते आणि बाजारभाव माझ्या आवाक्याच्या जरा वरच होते. शुक्रवार, २६ जुलै २०२४ च्या अंकात आमच्याच भागातल्या एका सोसायटीचं नाव दिसलं. कर्जदार नवरा-बायको, थकबाकी ३३ लाखांच्या आसपास 'आणि त्यावरील पुढील व्याज'.

लिलावाआधी थेट मालकांकडून ते घर घेण्याचा हा व्यवहार पूर्ण झाला तेव्हा जवळजवळ वर्ष संपत आलं होतं. वाटेत कोणाला विचारायचं हेच अनेकदा कळत नव्हतं. एजंट 'लिलावात घ्या, सोपं असतं' म्हणायचे आणि बँकेतले लोक 'तुम्ही कोण?' म्हणायचे. म्हणून जे जसं घडलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी घड्याळ समजून घ्यायला हवं. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात थकीत कर्ज, होतं. मग सरफेसी कायदा, २००२ (बँकेला कोर्टात दावा न लावता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) च्या कलम १३(२) खाली बँक साठ दिवसांची मागणी नोटीस देते. साठ दिवसांत पैसे आले नाहीत, की १३(४) खाली ताबा. पहिला ताबा बहुतेक वेळा सांकेतिकच असतो. म्हणजे दारावर नोटीस चिकटवतात, सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, पण माणसं घरातच राहत असतात. प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आणि मग लिलावाची जाहिरात. ही जाहिरात प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो. पूर्वी विक्री होईपर्यंत मुभा होती. २०१६ ची दुरुस्ती आणि सप्टेंबर २०२३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यानंतर ती राहिली नाही. म्हणजे ताबा सूचना आणि लिलावाची जाहिरात यांच्या मधली जी फट आहे, तीच आपली. ती किती मोठी असेल हे बँकेच्या वसुली विभागावर अवलंबून.

त्याच ताबा सूचनेत एक वाक्य असतं: सर्वसामान्य जनतेने या मालमत्तेबाबत कोणताही व्यवहार करू नये, केल्यास तो बँकेच्या बोजाच्या अधीन राहील. ते वाचून माझ्या भावाने हातच जोडले. पण कायद्याचं कलम १३(१३) नीट वाचलं तर व्यवहाराला बंदी नाही. १३(२) च्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय विकायला बंदी आहे. ही लेखी परवानगी हाच सगळ्या व्यवहाराचा कणा. ती हातात येईपर्यंत मालकाला एक रुपयाही द्यायचा नाही, हे मी पहिल्या दिवशी ठरवलं आणि पुढे कितीतरी वेळा ते मोडायचा मोह झाला तरी पाळलं.

थेट दार वाजवणं मला प्रशस्त वाटेना. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे माझा नंबर दिला, 'त्यांची इच्छा असेल तरच फोन करू दे' म्हणून सांगितलं. फोन आला तो दहा-बारा दिवसांनी. १० ऑगस्टला शनिवारी त्या नवरा-बायकोच्या घरी गेले. भोसरीत जॉबवर्कचा छोटा वर्कशॉप, मोठ्या गिऱ्हाईकाने ऑर्डर बंद केल्या, मशीनचं कर्ज भागवता भागवता घराचे हप्ते राहिले. नवरा, ज्यांना मी दादा म्हणू लागले, बोलत होते. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "ताई, तुमच्या आधी दोघं येऊन गेले. एकाने कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सह्या मागितल्या. दुसरा म्हणाला, मुखत्यारपत्र करून द्या, बँकेचं मी बघतो."

असे लोक या धंद्यात भरपूर आहेत. घाबरलेल्या माणसाला दोन-तीन लाख रोख दाखवायचे, कुलमुखत्यारपत्र घ्यायचं, बँकेत थोडे पैसे भरून लिलाव लांबवायचा आणि मधल्या मधे घर तिसऱ्याला विकायचं. मी त्यांना सांगितलं, कोणालाही मुखत्यारपत्र देऊ नका, मलाही नाही. आणि उत्तर आज देऊ नका, घरातल्या मोठ्यांशी बोला.

पुढच्या भेटीत वहिनींचे वडील होते. हिशोब कागदावर मांडला. त्या इमारतीत तसाच फ्लॅट ६१-६२ लाखांना जात होता, पण गिऱ्हाईक मिळायला सहा महिने आणि इथे सहा महिने नव्हते. लिलावात राखीव किंमत बँकेच्या मूल्यांकनावर ठरते आणि पहिली फेरी रिकामी गेली तर पुढच्या वेळी ती खाली येऊ शकते. कर्ज आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम कर्जदारालाच मिळते, हे त्यांना माहीतच नव्हतं. कोणीतरी सांगितलं होतं की सगळं बँक ठेवते. हे मी सांगितल्यावर माझाच भाव वाढणार, हे कळत होतं. वाढला. मी ५१ पासून सुरुवात केली होती, ते ५७ वर होते, ५४ लाखांवर ठरलं.

भाव ठरवताना रेडी रेकनर, म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेला दर, बघणं आवश्यक. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली घर घेतलं, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून आयकर लागू शकतो. 'अडचणीतलं घर, पडेल त्या भावात' घेणाऱ्यांना हा चिमटा नंतर बसतो. आमची किंमत रेकनरच्या वर होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

मग शोध. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरची ई-सर्च फुकट आहे. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) आणि तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची नोंद) तिथे सापडली. सरसाई ही तारणांची केंद्रीय नोंदवही. तिथे दहा रुपये अधिक जीएसटी भरून मालमत्तेवरचे बोजे बघता येतात. दहा रुपयांत एवढी महत्त्वाची माहिती दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही, कारण तिथे एक नाही तर दोन नोंदी निघाल्या. दोन्ही त्याच बँकेच्या. दुसरी नोंद २०२१ च्या टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर घेतलेल्या वाढीव कर्जाची होती. वर्तमानपत्रातल्या सूचनेत तिचा पत्ताच नव्हता. दादांना वाटत होतं ते मूळ कर्जातच मिसळलं आहे. बँकेतल्या लिपिकाला विचारलं तर, "ते वेगळ्या सिस्टीममध्ये दिसतं, मॅडम." टॉप-अपची बाकी ३ लाख ८० हजारांच्या आसपास होती. ती फेडल्याशिवाय मूळ कागद सुटले नसते. दादा कोणाच्या कर्जाला जामीन आहेत का, हेही विचारून घेतलं, कारण बँक तेवढ्यावरूनही कागद अडवून धरते.

वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला, वर्तमानपत्रात पंधरा दिवसांची जाहीर नोटीस दिली आणि कर्जवसुली न्यायाधिकरणात दादांनी काही अर्ज केला आहे का तेही पाहिलं. केलेला नव्हता. असता, तर तो मागे घेतल्याशिवाय मी पुढे गेले नसते. वकिलांची एकूण फी, नोटिशीच्या जाहिरातीसकट, ४५ हजार झाली. जास्त वाटली. खरेदीखताच्या दिवशी जास्त वाटली नाही.

बँकेचा भाग सर्वांत चिवट. शाखेत गेलो तर म्हणाले खातं इथे नाही, वसुली विभागाकडे गेलं. वसुली विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे सही करण्याचा अधिकार एकाच माणसाला, ज्याला कायद्याच्या भाषेत अधिकृत अधिकारी म्हणतात. साहेब कधी कोर्टात, कधी ताब्याच्या कारवाईवर. भेटले तेव्हा सरळ म्हणाले, "मॅडम, पैसे भरून टाका ना, परवानगी कशाला हवी? खातं बंद झालं की विषय संपला."

त्यांच्या बाजूने खरंच संपला असता. माझ्या बाजूने, दोन्ही कर्जांचे व्याजासकट मिळून ३८ लाख दुसऱ्याच्या कर्जखात्यात भरून हातात काहीच नसतं. उद्या मालकाचं मन बदललं, किंवा दुसऱ्या कोणी ६० दिले, तर मी कोर्टाच्या पायऱ्या चढत बसले असते. म्हणून आधी परवानगी, मग नोंदणीकृत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार), मग पैसे, आणि तेही थेट कर्जखात्यात, हाच क्रम. साहेबांना ते पटवायला वेळ गेला. अर्ज कर्जदारांच्या नावाने, दोघांच्या सह्यांनी केला. कलम १३(१३) चा उल्लेख, खरेदीदाराचं नाव, किंमत, पैसे कोणत्या तारखेपर्यंत कुठे येणार हे सगळं लिहिलं आणि सोबत माझं संमतीपत्र जोडलं. साहेबांनी नो-लियन खात्यात (ज्यातल्या पैशांवर बँक हक्क सांगत नाही असं खातं) पाच लाख ठेवायला सांगितले. हे पैसे माझ्या नावाचे, व्यवहार फिसकटला तर परत, असं पत्रावर लिहून घेतलं. पोचपावतीशिवाय एकही कागद तिथे ठेवला नाही. शिक्का मारायला कंटाळा करतात. थांबायचं.

या काळात लिलावाची फाईलही त्याच कार्यालयात पुढे सरकत होती. गणपतीत सगळं थंडावलं. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला झाली आणि मी रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताना आधी शेवटची पानं बघायचे, जाहिरात आली की काय म्हणून. झोप उडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. परवानगीचं पत्र २० सप्टेंबरला मिळालं. अट होती: ३१ ऑक्टोबरपर्यंत दोन्ही खात्यांची पूर्ण रक्कम, नाहीतर परवानगी रद्द आणि कारवाई पुढे चालू.

मधे एकदा बँकेने एकरकमी तडजोडीचा पर्याय सुचवला होता. थोडी सूट मिळाली असती. दादांनी नको म्हटलं. तडजोड केली की क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि त्यांना पुन्हा धंद्यासाठी कर्ज लागणारच होतं. पूर्ण भरून 'क्लोज्ड' हवं होतं. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं.

परवानगी आली तेव्हा पितृपक्ष चालू होता. माझ्या सासूबाई आणि वहिनी, दोघींचं एकमत: सर्वपित्री झाल्याशिवाय सही नाही. २ ऑक्टोबरला सर्वपित्री, त्याच दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, ३ तारखेला घटस्थापना. ३ ची वेळ ऑनलाइन घेतली. त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सर्व्हर बंद. दुपारी चारपर्यंत बसून सगळे घरी. दस्त नोंदला गेला तो सोमवारी, ७ ऑक्टोबरला. वहिनींच्या अंगठ्याचा ठसाच मशीन घेईना. शिवणकामाने बोटं घासलेली. ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोट पुसायला लावलं, मग दुसरं बोट, मग तिसरं. मागची रांग कुरकुरत होती आणि वहिनी त्या ऑपरेटरची माफी मागत होत्या.

मुद्रांक शुल्क मी साठेखतालाच पूर्ण भरलं. पुण्यात ते सात टक्के, पण खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी घराला एक टक्का सवलत आहे, म्हणून सहा टक्क्यांनी ३ लाख २४ हजार. पूर्वी ही सवलत घेतली तर पंधरा वर्षं पुरुषाला घर विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे गुंतवणुकीसाठी घेणाऱ्या बाईलाही आता अडचण नाही. नोंदणी फी ३० हजार, तीच कमाल मर्यादा.

साठेखतात पैशांची वाटणी रुपयांपर्यंत लिहिली होती: दोन्ही कर्जखात्यांत सुमारे ३८ लाख, सोसायटीची थकबाकी ९२ हजार थेट सोसायटीला, टीडीएस (किमतीतून कापून सरकारला भरायचा कर) ५४ हजार, एक लाख रिकामा ताबा मिळेपर्यंत माझ्याकडे, बाकी खरेदीखताच्या वेळी. टीडीएसबद्दल दोन गोष्टी. विकणाऱ्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल, तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावा लागतो. तो चालू आहे का, हे आधी आयकराच्या पोर्टलवर बघून घ्या. आणि विकणारे दोघं होते, म्हणून तेव्हाचे, २०२४ मधले, टीडीएसचे फॉर्म २६क्यूबी दोघांचे वेगळे भरावे लागले. कर्जखात्यात गेलेले पैसेही विकणाऱ्याला दिलेलेच धरतात, त्यामुळे त्यावरही कपात येतेच.

कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणारं जे फोरक्लोजर लेटर बँकेने दिलं होतं, त्याची मुदत ५ ऑक्टोबरला संपली होती. नवं पत्र मागितलं असतं, तर पुन्हा आठवडा. पत्रावर रोजचं व्याज छापलेलं होतं, दोन्ही खाती मिळून हजार रुपयांच्या थोडं वर. तेवढ्या दिवसांचं व्याज वाढवून, वर थोडे जास्तच ठेवून ८ तारखेला आरटीजीएस केलं आणि नो-लियन खात्यातले पाच लाख वर्ग करायचं पत्र त्याच दिवशी दिलं. जास्तीचे पैसे बँक परत करते. दोनशे रुपये कमी पडले तर खातं बंद होत नाही, आणि ते कमी पडल्याचं कोणी कळवतही नाही.

इथे पैशांच्या सोयीबद्दल. एनपीए घरावर दुसरी बँक सहसा कर्ज द्यायला तयार होत नाही, कारण कागद तिच्या हातात नसतात. त्यामुळे बोजा उतरवण्याइतके पैसे स्वतःचे असायला हवेत. माझ्याकडे निवृत्तीची रक्कम आणि मोडलेल्या ठेवी होत्या. मालकाला द्यायच्या उरलेल्या रकमेसाठी मी १३ लाखांचं कर्ज घेतलं, पण ते कागद सुटल्यावर. ज्यांना सगळंच कर्जावर घ्यायचं आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थकबाकी नसल्याचा दाखला १६ ऑक्टोबरला आला. मूळ कागद मात्र 'मुंबईच्या स्टोअरमधून मागवले आहेत'. दिवाळी तोंडावर आली. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. दादांकडून तेवढं एक वाक्य लिहिलेला मेल करवला, भांडण नाही की काही नाही. भाऊबीज होऊन गेल्यावर, ६ नोव्हेंबरला फाईल आली. यादी समोर ठेवून एकेक कागद तपासला: २०११ चा मूळ करार, नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट, बिल्डरच्या पावत्या. दाखल्याबरोबर आणखी दोन पत्रं मागून घ्या, जी बँक आपणहून देत नाही. एक, १३(२) आणि १३(४) ची कारवाई मागे घेतल्याचं. दुसरं, कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज मागे घेतल्याचं, पोच शिक्क्यासह. आमच्या प्रकरणात तो अर्ज दाखल झालेला होता. खातं बंद होऊनही तो तिथे तसाच पडून राहिला असता.

खरेदीखत २५ नोव्हेंबरला झालं, माझ्या बँकेचा पे-ऑर्डर तिथेच दादांच्या हातात दिला. मुलाची परीक्षा होईपर्यंत ते राहिले, १४ डिसेंबरला किल्ल्या मिळाल्या आणि राखून ठेवलेले एक लाख मी त्याच दिवशी दिले. दादांनी देवघराचा कोनाडा रिकामा करताना विचारलं, "ताई, भिंतीवरचं हे शेल्फ काढू का ठेवू?" ठेवा म्हटलं.

सोसायटीने हस्तांतराचे २५ हजार घेतले, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं फेब्रुवारीत. रंग, नळ आणि वायरिंग धरून एकूण खर्च साठ लाखांच्या जरा खालीच राहिला. म्हणजे बाजारभावाने घेतलेल्यापेक्षा शुल्क वगैरे सारखं धरून सात-आठ लाखांचा फरक. त्यातून ठेवी मोडल्याचं व्याज आणि पाच महिन्यांची धावपळ वजा करा. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा अल्पमुदतीचा धरून माझ्या स्लॅबने कर लागेल, म्हणून भाड्याने दिलं आहे, महिना १९ हजार.

मार्चमध्ये सहज सरसाईवर पाहिलं तर मूळ कर्जाचा बोजा उतरलेला आणि टॉप-अपचा अजून तसाच. बँकेला मेल केला, दोन आठवड्यांनी तोही उतरला. तुम्हीही शेवटचे दहा रुपये खर्च करून हे बघा, कारण उद्या तुम्ही विकायला निघालात की तुमच्या खरेदीदाराचा वकील तिथेच आधी बघणार आहे.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणाला स्वतःलाच १३(२) ची नोटीस आली असेल, तर ती कपाटात टाकू नका. साठ दिवसांच्या आत लेखी हरकत किंवा म्हणणं द्या, १३(३अ) खाली बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घर विकायचं असेल तर परवानगीचा अर्ज तेव्हाच करा. दादांनी तो नोटिशीच्या वेळीच, एप्रिलमध्ये केला असता, तर त्यांना गिऱ्हाईक शोधायला तीन महिने जास्त मिळाले असते आणि बहुधा माझ्यापेक्षा चांगला भावही.